त्रेचाळीस डाग

लेकीने दवाखाना काढला आणि मला फर्मान सोडलं. बाहेर रुग्ण बसतात तिथल्या भिंतीवर तुझा तो धक्क्याचा फोटो हवा, सहा फूट रुंद. दातांच्या डॉक्टरकडे येणारा माणूस आधीच अर्धमेला असतो, त्याला शांत समुद्र बघून जरा धीर येईल, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, डॉक्टरीणबाई, तो काढला तेव्हा मी काही शांत नव्हतो. ती म्हणाली, ते फोटोत कुठे दिसतंय.

खरंच दिसत नाही. माझं दुकान म्हणजे पासपोर्ट, ओळखपत्रं आणि लग्नं. हनुवटी वर, खांदे सरळ, डोळे मिटू नका, हेच तीस वर्षं बोलतोय. आयुष्यात बक्षीस मिळालं ते एकच, या फोटोला. त्याची छोटी प्रत गल्ल्यामागे टांगलेली आहे, आणि दर चार गिऱ्हाइकांमागे एकजण विचारतोच की समुद्राचं असं धुकं कसं केलंत. मी सांगतो. कॅमेऱ्यावर काळी काच लावायची आणि शटर चार मिनिटं उघडं ठेवायचं. लाटा येतात, जातात, त्यांचं धुकं होतं. जे हलतं ते पुसलं जातं, जे थांबतं तेवढं राहतं. समोरून पन्नास माणसं चालत गेली तरी एक दिसणार नाही, पण एकच माणूस थांबला तर तिथे डाग पडतो.

हे मी आधी बायकोला शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे ओरडलो होतो. लग्नानंतरची दोन-तीन वर्षं ती माझ्याबरोबर किनाऱ्यावर यायची, तिपाई उचलायची, आणि नेमकी फोटोत शिरून काहीतरी बघत उभी राहायची. मी लांबून बोंबलायचो, "चालत राहा, थांबू नकोस, थांबलीस तर डाग पडेल."

डाग या शब्दावर ती हमखास हसायची. तिचे वडील मालवाहतुकीत होते, त्यांच्या घरी सामानाच्या नगाला डाग म्हणत. आम्ही पहिल्या भाड्याच्या खोलीवर गेलो तेव्हा फुटपाथवर सामान मोजून ती म्हणाली, पाच डाग आहेत, आणि मी शहाण्यासारखा शर्ट चाचपून बघायला लागलो. पुढे कित्येक वर्षं मी कपडे बदलून आलो की ती विचारायची, किती डाग?

मग भांडणं सुरू झाली. कशावरून, हे आज सांगायला गेलो तर माझं मलाच हसू येईल. दुकानाच्या वेळा, तिची नोकरी, माझी जीभ. जीभच मुख्य. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा आमच्या घराण्याचा गुण, आणि तो माझ्यात पुरेपूर उतरलाय. शेवटी ती अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन भावाकडे गेली आणि दोन महिने तिथेच राहिली. आमचं फोनवर बोलणं बंद होतं. मी मेहुण्यामार्फत निरोप धाडला की रविवारी सकाळी मी धक्क्यावर आहे, यायचं असेल तर सात वाजेपर्यंत ये, नाही आलीस तर विषय संपला. बायकोला परत बोलावतानाही मी हुकूमच सोडला. वर धक्काच निवडला, म्हणजे ती नाही आली तरी फेरी फुकट जायला नको.

त्या सकाळी वारा फार होता. मी खाली खडकांवर तिपाई रोवली, फोटोत डावीकडून धक्का घेतला आणि चार-चार मिनिटांचे तीन फोटो आपोआप निघतील असं लावून दिलं. मग वर जाऊन बर्फाच्या कारखान्याआड उभ्या केलेल्या गाडीत बसलो. तिथून धक्का दिसत नाही, पण बसथांब्याकडचा रस्ता सरळ दिसतो. आली तर त्याच रस्त्याने येईल, आणि चार पावलं तिलाच माझ्याकडे चालावं लागेल, असा माझा हिशोब. सात वाजले, सव्वासात झाले, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी सामान आवरलं आणि निघून आलो. राग तर होताच, पण खोटं कशाला बोलू, आपलं खरं ठरलं याचा एक आनंदही होता.

महिन्याभराने मेहुण्याच्या घरी बैठक बसली. सासूबाई, मेहुणा आणि दोन्हीकडचा म्हणून एक वकील. बायको म्हणाली की ती आली होती. वाळूच्या बाजूने आली, धक्क्याच्या तोंडाशी उभी राहिली. कॅमेरा चालू होता, लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे माणूसही इथेच कुठेतरी आहे हे तिला ठाऊक होतं. तिला वाटलं, मी बघतोय आणि मुद्दाम पुढे येत नाही.

मी याच क्षणाची वाट बघत होतो. पिशवीतून फोटो काढला आणि टेबलावर मधोमध ठेवला. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हटलं. पावणेसात ते सात कॅमेरा चालू होता. तू उभी होतीस ना, मग दाखव कुठे आहेस.

तिने फोटो ओढून घेतला आणि पुष्कळ वेळ बघितला. मग धक्क्याच्या तोंडाशी बोट ठेवलं. तिथे स्वच्छ दगड होता, एक कावळासुद्धा नव्हता. मेहुणा वाकला, चष्मा काढून बघितला, घालून बघितला, आणि मग त्याने बहिणीकडे बघितलं. तोवर तो तिच्या बाजूचा होता. त्या नजरेची मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं.

मग मेहुणाच अवघडून म्हणाला की फोटो मात्र फार साफ आलाय. मी म्हटलं, उगाच नाही, त्रेचाळीस डाग काढलेत यातले, एकेक करून.

"माझेही दोन होते," ती म्हणाली.

मला वाटलं टोमणा आहे. वकिलाला काहीच कळलं नाही, त्याने पाणी मागितलं. तीन महिन्यांत तिने सगळ्या कागदांवर सह्या केल्या, काही मागितलं नाही, लेक तिच्याकडे राहिली आणि सुट्टीत माझ्याकडे यायला लागली. लेक विचारायची, तुम्ही परत एकत्र का नाही राहत. मी दर वेळी एकच उत्तर दिलं. मी बोलावलं होतं, तुझी आई आली नाही.

तर सहा फुटांचा फोटो. बक्षिसाची तयार फाइल जुन्या कॉम्प्युटरबरोबर कधीच मेली होती, आणि गल्ल्यामागची प्रत वीतभर. मग माळ्यावर चढलो. बुटांच्या खोक्यात जुन्या हार्ड डिस्क होत्या, त्यातल्या तिसरीत त्या सकाळच्या तीनही मूळ फाइली सापडल्या. उघडल्या तर रंग जांभळट, क्षितिज तिरकं, आणि सगळीकडे डाग. खडकांवर काम करताना खारं पाणी काचेवर उडतं, त्याचे हे डाग. चला, म्हटलं, पुन्हा बसा पुसत.

आता डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. कुठला डाग आणि कुठला लांबचा पक्षी ते कळेना, म्हणून तिन्ही फोटो शेजारी लावले. धंद्यातला हा पहिला धडा आहे, परवा कामाला लागलेल्यालाही ठाऊक असतो. काचेवरचा डाग तिन्ही फोटोंत त्याच जागी येतो. मागच्या वेळी मी हे केलं नव्हतं. मधला फोटो चांगला आला होता, स्पर्धेची तारीख जवळ होती आणि मी रागात होतो. दिसेल तो डाग पुसत सुटलो होतो.

धक्क्याच्या तोंडाशी एक करडा ओघळ होता. पहिल्या फोटोत तो नव्हता. दुसऱ्यात होता. तिसऱ्यात होता, पण अर्धामुर्धा, मागचा दगड त्यातून दिसत होता.

मी तो भाग मोठा केला आणि अंधार उजळत नेला. वर नुसता धूर. वाऱ्यात माणूस कितीही ताठ उभा राहिला तरी डोकं, खांदे हलतातच, कपडे तर फडफडतातच. त्याखाली खांबासारखं अंग. मग दोन पावलं, जरा स्पष्ट. आणि पावलांशेजारी दोन बॅगा, एकदम लख्ख, कारण बॅगा श्वास घेत नाहीत. एक तपकिरी, कुलूप मोडलेली, माझ्याच हाताने दोरी बांधलेली. दुसरी लेकीची शाळेची बॅग, पाठीवर चमकती पट्टी असलेली.

दोन डाग.

मी खुर्चीतून उठलो आणि दुकानाचं शटर खाली ओढलं. दुपारचे बारा वाजले होते, बाहेर गिऱ्हाईक उभं होतं, ते शिव्या घालत गेलं असेल. ती बोलायला आली नव्हती. ती परत यायला आली होती, पोरीच्या पुस्तकांसकट. आणि दुसरा फोटो पूर्ण, तिसरा अर्धा, म्हणजे सहा मिनिटं ती जागची हलली नव्हती. समुद्रावरच्या त्या वाऱ्यात. चालत राहिलं तर पुसलं जातं आणि थांबलं तर उरतं, हे तिला मीच शिकवलं होतं. हा माणूस माझ्याकडे बघणार नाही, पण फोटो तर बघेलच, एवढी ती मला ओळखत होती.

आणि मी तिच्यासमोर पुसलेला फोटो ठेवला. कुठे आहेस दाखव, म्हटलं.

रडलो का? रडलो. पण मी कसा माणूस आहे तेही सांगतो. रडून झाल्यावर मनात पहिला विचार आला तो स्वतःचाच. मी मूर्ख निघालो, पण लबाड नाही. चौदा वर्षं ती समजत असेल की मी तिला ओळखून पुसलं आणि वर पुरावा म्हणून मिरवलं. तसं नव्हतं. मला तो डाग वाटला होता. एवढं तिला कळावं, बाकी काही नको. या वयात मला दुसरं काही मागायचं नव्हतं.

दोन दिवस खपून मी फोटो केला. बाकीचे डाग काढले, तिला ठेवलं, हळूहळू उजळत आणली. एक प्रत काढली, सोबत तिच्या नावे चिठ्ठी लिहिली, चूक कशी झाली ते सगळं लिहिलं, आणि पाकीट घेऊन दवाखान्यात गेलो. खुर्च्यांवरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नव्हतं. लेकीने फोटो खिडकीशी धरला.

"ही माझी बॅग आहे," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. शेवटी ती एवढंच म्हणाली की मी आईला विचारायचे तेव्हा ती म्हणायची, तुझ्या बाबांना विचार. चौदा वर्षांत आईने तुझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाही, आणि तू दर सुट्टीत मला सांगायचास की ती आली नाही. मी म्हटलं, मला तसंच वाटत होतं. ती म्हणाली, हो, ते आता कळलं. पाकीट पर्समध्ये टाकून तिने मला दारापर्यंत सोडलं, अगदी रुग्णाला सोडावं तसं.

चार दिवस फोन नाही. पासपोर्टचे फोटो काढताना लोकांना डोळे मिटू नका म्हणायलाही विसरत होतो. पाचव्या दिवशी दुपारी लेक दुकानात आली आणि पाकीट गल्ल्यावर ठेवलं. चिठ्ठी आईने वाचली, दोनदा वाचली, असं सांगितलं.

"मग?"

लेक गल्ल्यामागच्या प्रतीकडे बघत होती. "आई म्हणाली, इतकी वर्षं मला वाटायचं की त्यांनी मला पाहिलं आणि रागाने पुसलं. निदान राग तरी होता. पाहिलंच नव्हतं, हे नको होतं कळायला."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. मी तिला पाणी दिलं, तिने प्यायलं. मग सहा फुटांचं काय करायचं ते बोललो, कारण तेवढंच बोलण्यासारखं उरलं होतं. फोटो हवाच आहे, ती म्हणाली, पण जुना होता तसा, साफ. आई दर आठवड्याला दवाखान्यात येणार आहे, तिला समोर स्वतःला उभं बघायचं नाही. हे तिने स्वतःच सांगितलंय.

लेक गेल्यावर मी फाइल उघडली. धक्क्याच्या तोंडाशी गेलो, ब्रश घेतला. माणूस पुसायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, अर्धी तर वाऱ्यानेच पुसली होती. बॅगांना मात्र अर्धा तास लागला. त्यांच्या कडा फार स्पष्ट होत्या, एकीकडे दगड जुळवला की दुसरीकडे दोरी दिसायची. या वेळी मी तिला ओळखून पुसलं.