नाम्बोझो गाडीवर बसत नाही

सातवा महिना लागला आणि नाम्बोझोने जाहीर करून टाकलं, की नवऱ्याच्या मोटरसायकलवर ती आता बसणार नाही. डोंगरातल्या बुदादिरी गावाहून खालच्या दवाखान्यात तपासणीला ती चक्क चालत निघाली. मागून कुलोबा पहिल्या गियरमध्ये गाडी रखडवत आला. पोटासाठी गावाला गाडीवरून फिरवणाऱ्याची बायको पायी! केळीबाजाराशी गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेल्या बोडावाल्यांची, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्यांची, करमणूकच झाली. एक जण ओरडला,

"वहिनी, माझ्या मागे बसा! हा तुमच्याकडूनही भाडं घेतो की काय?"

"याच्या गाडीचे शॉकअप धड असते तर याच्याच मागे बसले असते."

कुलोबा भडकला. "कॉफीची दोन पोती घेऊन उतरतो मी. एक तरी स्प्रिंग तुटलीय का बघ!"

"पोती तक्रार करत नाहीत. सीट दाब."

तो जागचा हलला नाही. मग तिनेच दोन्ही हातांनी सीट दाबली आणि सोडली, मेकॅनिक वोजेरोकाका दाबतात तशी. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर, पुन्हा खाली. शॉकअपला गुंडाळलेली ट्यूबची पट्टी तिने ओढून काढली. आतला दांडा तेलाने काळा झाला होता, त्यावर तांबडी माती चिकटली होती. आता कोणी हसलं नाही. नाम्बोझो पुढे चालू लागली.

वळणापलीकडे कुलोबाने इंजिन बंद केलं.

"शॉकअप गेलेत, मला माहितीये," तो म्हणाला. "मागच्या वेळी तू पोटुशी असताना पुलाजवळच्या खड्ड्यात आपटलो, तेव्हापासून माहितीये. दुसऱ्या दिवशी आपलं बाळ गेलं. शॉकअप बदलले असते तर माझ्यामुळेच गेलं, असं कबूल केल्यासारखं झालं असतं."

एवढे दिवस हा माणूस गळक्या शॉकअपवर ती ट्यूबची पट्टी कशासाठी आवळत होता, ते नाम्बोझोला आत्ता कळलं.

"नर्सबाई म्हणाल्या, कुणाचीच चूक नव्हती. मीही तुला कधी बोल लावला नाही," ती म्हणाली. "पण या बाळाला काही झालं, तर लावीन. फिरव गाडी. काकांकडे चल."

तो गाडी ढकलत निघाला, ती शेजारून.

वोजेरोकाकांनी दोन्ही शॉकअप नवे घातले. कुलोबाने सीट दाबली. गाडी वर आली आणि थांबली. नाम्बोझोने स्वतः दाबून बघितली, मगच ती एका बाजूला पाय सोडून बसली.

पुलाजवळचा तो खड्डा दिसताच कुलोबाने ब्रेक दाबला. "उतरतेस?"

"नाही. हळू घे."

गाडी खड्ड्यात उतरली, वर आली, एकदाच. पण कुलोबाची पाठ हलतच राहिली. तो रडत होता. नाम्बोझोने एक हात पोटावर ठेवला आणि दुसऱ्याने त्याचा शर्ट घट्ट धरला.

"पुढे बघ," ती म्हणाली. "दवाखाना बंद होईल."