मारेकसाहेबांवर कोट

"पोलिश? मेलो आता आपण!" मी कपाळावर हात मारला.

माझ्या नवऱ्याचा, देवानंदचा, इथं आखातात, गाला भागातल्या कंपनीतला नवा साहेब पोलंडचा निघाला. अठ्ठ्याण्णव साल. देवानंदचं काँट्रॅक्ट संपत आलेलं. वाढवायचं की नागपूरचं तिकीट हातात ठेवायचं, हे आता या मारेकसाहेबाच्या मर्जीवर. आणि आमच्या शहाण्यानं त्याला गुरुवारी वादी कबीर वस्तीतल्या आमच्या फ्लॅटवर बोलावलं, जेवायला आणि वर मेंढीकोट खेळायला!

मी जाडजूड रशियन कादंबऱ्या मराठीतून वाचलेली बाई. त्यांत पोलिश माणूस आला की ठरलेला: खिशात दमडी नाही, पण मिशीला पीळ. बायकांचे हात चुंबणार, पत्त्यांत लबाडी करणार, आणि हरला की अपमान झाला म्हणून थयथयाट. "गुपचूप हरायचं," मी देवानंदला बजावलं.

साहेब आला. मिशी होती! दारातच वाकून त्यानं माझ्या हाताचं चुंबन घेतलं. शेजारच्या फ्लॅटमधल्या, मूळ रत्नागिरीच्या खुदेजाभाभींनी "या अल्ला" म्हणत दोन्ही हात ओढणीत लपवले.

जेवणं झाली, डाव मांडला. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. चारही पळवल्या की समोरच्यांवर कोट. साहेब माझा जोडीदार, पण माझं सगळं लक्ष त्याच्या बाह्यांवर. देवानंद एकेक मेंढी त्याच्या पुढ्यात टाकत होता.

"भाऊ, मेंढ्या काय खैरात वाटताय?" त्याच्या जोडीदार भाभी भडकल्या.

साहेबानं पत्ते खाली ठेवले. माझ्या शेल्फातल्या पुस्तकांवरचे दाढीवाले चेहरे त्यानं ओळखले. "यांनी आमच्याबद्दल काय लिहिलंय, ते मलाही शाळेत वाचावं लागलं," तो हसला. "हात चुंबतो, हे खरं. बाकीचं तपासा." आणि त्यानं बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला.

मग तो देवानंदकडे वळला. "मला खूश करायला हरणारा माणूस साइटवर माझी चूक दाखवेल का?"

देवानंदनं माझ्याकडे पाहिलं. मलाच राहवेना. "अरे बघतोस काय! खेळ ना नीट!"

यल्ला, चला! पुढच्या डावात देवानंद असा पेटला की विचारू नका. चारही मेंढ्या त्यांच्याकडे. आमच्यावर कोट! हरलेली मी टाळ्या पिटत होते.

साहेबानं देवानंदचा हात धरून गदागदा हलवला. "अजून दोन वर्षं तू इथं हवास. शनिवारी ऑफिस उघडलं की सही करतो."

साहेबासमोर, भाभींसमोर, मी देवानंदला कडकडून मिठी मारली. बघू देत, म्हटलं.