हिरामणला घाबरणारा व्हॉल्व्ह

आमच्या अंबरनाथच्या लोणच्याच्या कारखान्यात हिरामण फिटर म्हणजे स्वतःला पाइपांचा वैद्य समजणारा माणूस. पाइपाला कान लावून रोग सांगायचा. त्याची बायको गोदू तिथंच पिंपं धुवायची. त्यासाठी भिंतीवर एक मिक्सिंग व्हॉल्व्ह होता. त्यात एका बाजूनं वाफ यायची, दुसऱ्या बाजूनं गार पाणी, आणि खालच्या होजमधून हाताला सोसेल असं गरम पाणी पडायचं.

एका दुपारी त्यातून एकदम उकळतं पाणी आलं आणि गोदूचा पाय पोळला. मालकीण यशोधराताईंनी निक्षून सांगितलं, पुन्हा असं झालं तर गोदूला या कामावर ठेवणार नाही. गोदूचा तर या कामावर भारी जीव. घरी बसून नवऱ्याचं तोंड बघण्यापेक्षा पिंप बरं, असं ती सगळ्यांदेखत म्हणायची.

हिरामणनं व्हॉल्व्ह खोलला. जाळी साफ केली, वॉशर बदलले, स्प्रिंगसुद्धा नवी घातली. तो समोर उभा असला की पाणी अगदी गुणी बाळ. तो दुपारी जरा बाजूला गेला की वाफेचा फुसकारा, आणि गोदू उडी मारून लांब.

"व्हॉल्व्ह तुमाला घाबरतो वाटतं," ती म्हणाली. "घरात तर कोन घाबरत नाय."

आम्ही सगळ्या हसलो. हिरामण हसला नाही. तिला पुन्हा भाजेल या धास्तीनं त्याला जेवण जात नव्हतं.

शेवटी एका दुपारी त्यानं गोदूला लांब बसवलं. होज बादलीत सोडला, त्यात थर्मामीटर ठेवला, मला काट्यावर नजर ठेवायला सांगितलं आणि स्वतः कॅन घेऊन मागच्या नळावर गेला. पालेगावात त्यांच्या बिल्डिंगला पाणी येईल तेव्हा खरं, म्हणून रोज दुपारी तो इथूनच कॅन भरून स्कूटरला लावायचा. गोदूचा तसा हुकूमच होता.

नळ सुरू झाला आणि काटा सरसर चढला. मी ओरडले. त्यानं नळ बंद केला, काटा उतरला. पुन्हा उघडला, पुन्हा चढला. तो नळ त्याच गार पाण्याच्या लाइनवर होता. पाणी कॅनकडे पळालं की व्हॉल्व्हमध्ये नुसती वाफ उरायची.

हिरामण ओल्या हातांनीच गोदूसमोर येऊन उभा राहिला. "गोदू, तुझा पाय मीच भाजला गं," म्हणाला. मग कॅनची आणि नळाची गोष्ट सांगितली.

गोदूनं सगळं ऐकून घेतलं. "इतक्या वर्षांत एक कप चहा गरम करून दिला नाय," ती म्हणाली, "आनि पानी उकळून डायरेक पायावर?"

मग तिचा आवाज उतरला. "कॅन भरून आना म्हनून पाठी मीच लागायचे. तुमचं एकट्याचं नाय."

त्याच दिवशी त्यानं तो नळ तोडून वेगळ्या लाइनला जोडला. यशोधराताईंनी स्वतः पाणी तपासलं आणि गोदूचं काम राहिलं. त्या दिवशीची पिंपं मात्र हिरामणनं धुतली. गोदू स्टुलावर पाय ठेवून त्याच्या चुका काढत होती. मधेच तिनं पदरानं डोळे पुसले. मिरची झोंबली, म्हणाली. आम्ही त्या दिवशी बिनमिरचीचं, लिंबाचं गोड लोणचं भरत होतो.