एकेक घोट

२०१९ सालच्या फेब्रुवारीत, दवाखान्यातल्या तपासणीच्या खाटेवर, सदाशिवरावांनी नाकातली नळी दुसऱ्यांदा उपसून काढली आणि खोकत बसून राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आजोबा, असं नाय करायचं," प्रेरणा म्हणाली. तपासणी करणारी ही मुलगी सोयगावकडची. "आता एकदाच घालते. नाय जमलं तर डॉक्टर ऑपरेशनचं नावच काढणार नाहीत."

भानुमतीबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर पदर आवळून बसल्या होत्या. आडवं झालं की नवऱ्याच्या घशाशी आंबट पाणी यायचं, म्हणून दोन वर्षं ते हॉलमधल्या खुर्चीत बसूनच झोपत. आतल्या पलंगावर त्या एकट्या पडून त्यांच्या खोकल्याचा कानोसा घेत. ऑपरेशनने हे थांबेल, पण अन्ननलिकेच्या स्नायूंत तेवढा जोर आहे का ते आधी बघू, असं डॉक्टर म्हणाले होते.

नळी पुन्हा आत गेली. प्रेरणाने सिरिंजने तोंडात थोडं पाणी सोडलं.

"हां, गिळा. एकदाच."

त्यांनी दोनदा गिळलं. पुढच्या घोटाला ठसका लागला.

"एका घोटाला एकदाच, आजोबा. मधी थांबायचं."

सदाशिवरावांनी डोळे मिटले. हात परत नळीकडे जातो की काय, म्हणून भानुमतीबाईंनी पाहिलं. उजवा तळवा चादरीवर आपोआप खोलगट वळला होता. तो आकार त्यांच्या ओळखीचा होता. लग्न झाल्यापासून दोन्ही वेळा, ताटावर बसलं की सदाशिवराव अशाच तळव्यातून आपोष्णीचं पाणी पीत, मग एकेका मंत्राला भाताची चार शितं न चावता गिळत. तोवर घरात कुणी बोलायचं नाही. आणि ते मंत्र बायकांनी म्हणायचे नसतात.

त्या उठून उशाशी आल्या.

"पोरी, सोड पाणी," त्या म्हणाल्या, आणि मग हळूच, "प्राणाय स्वाहा."

सदाशिवरावांनी गिळलं. एकदाच. डोळे उघडून बायकोकडे पाहिलं.

"आता थांबायचं हं... अपानाय स्वाहा."

यंत्राच्या पडद्यावर रंगांचे पट्टे सरकत राहिले. मंत्र संपले, तशी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. प्रेरणा एकेका मंत्राला पाणी सोडत गेली.

दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, स्नायू फार थकलेत. ऑपरेशन केलं तर घास अडकून बसेल. गोळ्या चालू ठेवा, रात्री लवकर जेवा, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावून बघा.

दोघं रिक्षाने घरी निघाले.

"तुला सगळे येतात की," सदाशिवराव म्हणाले.

"इतकी वर्षं समोर बसलेय."

"मग कधी बोलली नाहीस ते?"

"काय बोलायचं? तुमचं कधी संपतंय ते बघायचे. भूक लागायची हो मला."

ते हसायला लागले, आणि नाक दुखलं म्हणून हाताने दाबून धरलं.

शेजारच्या बांधकामावरून भानुमतीबाईंनी विटा मागून आणल्या. सदाशिवराव त्या रात्री आतल्या खोलीत आले. सुरुवातीला थोडं खोकले, मग झोपले. उतारामुळे भानुमतीबाई रात्रभर घसरत, सकाळी पायथ्याशी सापडत.

"आज कुठवर पोचलीस?" ते विचारत.

प्रेरणा लग्न होऊन नाशिकला गेली. तिथंही हेच काम करते. सदाशिवराव त्या पलंगावर चार वर्षं निजले, आणि एका पहाटे झोपेतच गेले. तेरावा झाल्यावर त्यांचा मुलगा श्रीरंग विटा काढायला वाकला.

"राहू दे रे," भानुमतीबाई म्हणाल्या. "तुझं काय अडलंय?"

गारखेड्याच्या त्या घरी त्या अजून राहतात. सकाळी पायथ्याशी जाग येते, तेव्हा लगेच उठत नाहीत. थोडा वेळ तशाच पडून राहतात.