रविवारची गाडी

शेवटच्या वळणावर कारभारीनं लांबलचक हॉर्न वाजवला आणि मागं वळून म्हणाला, "आता पाहा, आमचा मोतीरामभाऊ रस्त्यावर येऊन उभा राह्यते की नाई!"

पाहुण्यांशी बोलताना तो भाषा जरा धुऊनपुसून वापरायचा. पण मोतीरामचं नाव निघालं की घरची बोली तोंडात यायची.

जीपमध्ये पुण्याच्या अनुपमाताई, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी अर्पिता आणि ताईंच्या दोन मैत्रिणी होत्या. सकाळी नांदुऱ्याला रेल्वेतून उतरलेल्या. जळगाव जामोदवरून वर चढायचं, सातपुड्यातली तीन गावं दाखवायची, मधल्या गावात जेवण आणि दिवस मावळायच्या आत खाली, असा कारभारीचा दर रविवारचा धंदा. मधलं गाव सालईढाणा. तिथं मोतीराम पाहुण्यांना पळसाच्या पानांचे द्रोण लावायला शिकवायचा. जो तो आपण लावलेल्या द्रोणात जेवायचा, आणि ज्याचा द्रोण गळेल त्याला मोतीराम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचा. सुरुवातीला एकही गाव शहरातल्या माणसांना घरात घ्यायला तयार नव्हतं, तेव्हा "आन माह्या घरी" म्हणणारा हाच होता.

रस्त्यावर कोणी आलं नाही. मोतीरामच्या अंगणात मात्र माणसं बसली होती, गुडघ्यांभोवती हात बांधून. कारभारीनं जीप अलीकडेच थांबवली आणि "जरा बसा" म्हणून तो एकटाच उतरला.

शेजारचे उकंडराव पुढे आले. त्यांनी त्याचा हात धरला.

"परवा गेला मोतीराम. तुले सांगाले पोरं टेकडीवर चढले होते, पन फोनच लागला नाई."

गोजरबाई दाराशी भिंतीला टेकून बसली होती. कारभारीला पाहून तिनं पदर सावरला.

"या भाऊजी. मानसं आनली ना? आशाबाईच्या घरी सैपाक केला. माही चूल तं बंदच हाये."

"वहिनी, काऊन केला? मी यायले घेऊन जातो वापस."

"त्यायनंच सांगतलं होतं. रविवारी मानसं येतीन, उपाशी नको जाऊ देजो."

"पन झालं काय?"

"पोटात दुखे. एक-दोन दिस तं सांगतलंच नाई. मंग उठवे नाई, मोटरसायकलवर बसवे नाई. गावातले म्हने, बाजेवर टाकून खाली नेतो. तं म्हने, कायले लोकाईले तरास? रविवारी कारभारी येतेच. त्याच्या गाडीत पुढच्या शिटावर बसतो अन् जातो दवाखान्यात."

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. असता तर कारभारीला काही उत्तर देता आलं असतं. गाडी तर आठवडाभर त्याच्या दारातच उभी होती. खाली पाच-सहा दिवस तो काय करत होता? टायर बदलले, मेहुण्याच्या शेतावर जाऊन आला, एक दुपार नुसता झोपला. वर एक माणूस त्याच्या रविवारची वाट पाहत होता आणि त्याला साधी उचकीही लागली नव्हती.

एवढ्यात अर्पिता जीपमधून उतरून आली. "काका, ते द्रोण शिकवणारे आजोबा कुठं आहेत?"

कारभारी गोजरबाईकडे पाहू लागला.

"गावाले गेले, बाई," गोजरबाईच म्हणाली. "द्रोण लावून ठेवले हायेत त्यायनं. बस जेवाले."

मागून आलेल्या अनुपमाताईंनी अंगणाकडे पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात आलं. त्या हळूच म्हणाल्या, "कारभारीभाऊ, आपण निघू या. असं कसं जेवायचं इथं?"

"न जेवता गेलो तं तिले जास्त लागंन, ताई."

शेजारच्या आशाबाईच्या ओट्यावर पंगत बसली. अर्पिताच्या कानात आईनं काहीतरी सांगितलं, तशी ती मान खाली घालून बसली. आशाबाईनं द्रोणांची चवड आणून ठेवली. "बाजेवर पडल्या पडल्या लावत होता," ती म्हणाली, "रोज थोडे थोडे."

भाकरी, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण. दोन घास झाले आणि कारभारीच्या द्रोणातून वरण गळू लागलं. मोतीरामचा द्रोण कधी गळत नसे. काड्या सैल बसल्या होत्या. बोटांत जोर राहिला नसेल. कोणाला दिसू नये म्हणून कारभारीनं द्रोणाखाली डावा तळहात धरला. वरण चांगलंच गरम होतं. त्यानं हात काढला नाही.

निघताना तो एवढंच म्हणाला, "येतो वहिनी."

"पुढच्या रविवारी नका आनू कोनाले. तेरवी होऊ द्या," गोजरबाई म्हणाली. "मंग आना."

तिसऱ्या गावात त्यानं मोहाची झाडं दाखवली, धान्याच्या मातीच्या कोठ्या दाखवल्या. जीभ आपोआप चालत होती. बायका मान डोलवत होत्या, फोटो मात्र कोणी काढला नाही.

उतरणीला लागल्यावर एका शेताच्या बांधावर कोणी म्हातारा उभा होता. जीप पाहून त्यानं हात वर केला. ती पुढं निघून गेली आणि मग कारभारीनं करकचून ब्रेक दाबला. तेवढा उतार तो जीप मागं घेत आला.

"बसा बाबा. कुठी जायाचं?"

"कुठी नाई बा," म्हातारा गोंधळून हसला. "गाडी दिसली, म्हनून हात केला."

"तब्येत बरी हाये ना?"

"हाव, बरी हाये."

"नाई, जायाचं असंन तं सांगा. मी नेतो."

म्हाताऱ्यानं मान हलवली. कारभारीनं हात लांबवून पुढचं दार उघडलं आणि ते तसंच धरून बसला. मागं बसलेल्या चौघींपैकी कोणीच त्याला चला म्हटलं नाही.