आवाजाला कुलूप

सून कामाची होती, उलट बोलणारी नव्हती, आल्या-गेल्याला चहापाणी विचारणारी होती. पण तिनं कॉम्प्युटरला कुलूप लावलं, हे बनुबाईला काही केल्या पचलं नाही. आणि कुलूप तरी कसलं? कडी नाही, कोयंडा नाही, कमरेला किल्ली नाही. बटण दाबलं की पडद्यावर एक रिकामी पट्टी यायची आणि शुभांगी तिथं पटपट काहीतरी बडवायची. बनुबाई मान लांब करून बघायला गेली तर अक्षरांच्या जागी नुसत्या चांदण्या उमटायच्या.

"चांदण्या दावती मला," बनुबाई शेजारच्या छबूबाईला सांगायची. "दिवसाढवळ्या! माझ्या पोरानं आनलेली वस्तू, माझ्या वसरीत ठिवलेली, आन मीच चोर."

"आगं, असंल काय तरी कारन," छबूबाई म्हणायची.

"कारन हाय की. सासू अडानी हाय, हे कारन."

बनुबाईचं माहेर शिंगणापूर. तिथं घराला चौकट असते, कवाड नसतं. कपाटाला कुलूप नसतं, पेटीला कडी नसते. देवच राखणीला बसलाय म्हटल्यावर कुलूप लावायचं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा. लग्न होऊन बनुबाई देवळाली प्रवरेला आली तेव्हा सासूनं फडताळाची किल्ली तिच्या हातात दिली, तर हिनं ती निखारा धरल्यासारखी परत केली होती. "कुलूप चोराला अडवत न्हाई, आपल्या मानसाला अडवतं," असं ती सोळाव्या वर्षी म्हणाली आणि साठी उलटली तरी म्हणतच होती. सगळ्या आळीला ते पाठ झालं होतं.

कॉम्प्युटर आणला तो तिच्या थोरल्यानं, रविराजनं. तो साखर कारखान्यात ऊसवजनाच्या काट्यावर होता. तिथं कॉम्प्युटर आला तेव्हापासून त्याच्या डोक्यात तोच. घरी एक आणायचा, वसरीत मांडायचा आणि गावच्या लग्नपत्रिका छापायच्या. आणला तो खंडेनवमीला. नांगर, विळा, कोयता मांडले होते त्यांच्या ओळीत त्यानं ते खोकंही ठेवलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि संध्याकाळी आवाज टिपायचं एक बोंडूक हातात धरून आईच्या मागं लागला.

त्या संध्याकाळचं बोलणं त्या खोक्यात राहिलं. असं:

"आई, इकडं ये. ह्यात बोल काहीतरी."

"काय बोलू त्या खोक्याशी? म्हैस वराडतीय माझी."

"अगं, नाव तरी सांग तुझं!"

"त्याला कशाला पायजे माझं नाव? सोयरीक जमवायचीय व्हय?"

मग रविराजचं हसणं. हसता हसता ठसका लागतो, तो "थांब थांब" म्हणतो आणि खट्ट. संपलं.

त्याच हंगामात, राहुरीच्या रस्त्यावर, मागं दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल गेली. फोटो पुष्कळ होते. लग्नातले होते, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा होता. पण फोटो बोलत नाही. वर्ष सरलं तेव्हा बनुबाईच्या ध्यानात आलं, की पोराचं तोंड डोळ्यांपुढं येतं पण त्याची हाक कानात येत नाही. तेवढी त्या खोक्यात होती.

शुभांगी श्रीगोंद्याची, बारावी झालेली. नवऱ्यानं शिकवलं होतं तेवढ्यावर आणि पुढचं स्वतःच चाचपडत तिनं पत्रिकांचं काम चालू ठेवलं. माणसं वसरीत यायची ती चपला पायरीखाली काढून यायची. म्हातारी माणसं तर पडद्याला हात जोडायची. कॉम्प्युटरची पत्रिका म्हटलं की सोयऱ्यांत वजन पडायचं.

आणि रोज दुपारी धारा काढायच्या आधी बनुबाई स्टुलावर येऊन बसायची. शुभांगीनं तिला शिकवून ठेवलं होतं: तो पांढरा उंदीर धरायचा, रवीचा बारका फोटो आहे त्यावर न्यायचा आणि दोनदा टिचकी मारायची. सही करतानाही हात कापणारी बाई, पण ही टिचकी तिला बिनचूक जमली. ती एकदाच ऐकायची, पदरानं पडदा पुसायची आणि गोठ्यात निघून जायची. कोणाला विचारायला नको, कोणाला सांगायला नको.

मग एका गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या पोरांनी उगाच बटणं बडवली आणि वांबोरीच्या एका लग्नाची तयार पत्रिका पुसून टाकली. शुभांगीला ती पहिल्यापासून करावी लागली. तिनं दुसऱ्या दिवशी कुलूप घातलं आणि सांगितलं, "बाहेरची फ्लॉपी, बाहेरची तबकडी ह्यात घालायची नाही. कुणाचीच." सासूला म्हणाली, "आई, तुम्हाला ऐकायचं असलं की मला हाक मारा. मी लावून देते."

हाक मारा! पोराचा आवाज ऐकायला सुनेला हाक मारायची! बनुबाईनं कधी कोणाकडं मीठ मागितलं नव्हतं. त्यानंतर ती स्टुलावर येऊन बसायची आणि हवेत बोलल्यासारखं म्हणायची, "ते चालतंय का बिघाडलंय कुनास ठाऊक." शुभांगीला कळायचं. ती हातातलं काम टाकून यायची, चांदण्या उमटवायची. पण कधी ती बाजाराला गेलेली असायची, कधी गिऱ्हाईक बसलेलं असायचं. त्या दिवशी बनुबाई न ऐकताच धारा काढायची आणि म्हशीनं दूध आखडलं की तिला शिव्या घालायची.

शुभांगीलाही ते दिसत होतं. एके दिवशी तिनं एक काळी चौकोनी फ्लॉपी सासूच्या हातात ठेवली. "आई, ह्यात त्यांचा आवाज उतरवून घेतलाय. मशीनला काही झालं तर ही असावी. जपून ठेवा."

जपून म्हणजे कुठं, हे बनुबाईला सांगायला लागत नव्हतं. देव्हाऱ्यात घरातल्या गेलेल्या माणसांचे चांदीचे टाक होते: सासरा, सासू, नवरा. रवीचा टाक अजून करायचा राहिला होता. तिनं फ्लॉपी नवऱ्याच्या टाकाला टेकवून उभी केली. रोज टाकांना पाणी घालायची, पण फ्लॉपीला थेंब लागू द्यायची नाही. एवढी अक्कल आपल्याला आहे, याचा तिला मनातून अभिमान होता.

गुढीपाडव्याला तिचा भाचा काकासाहेब शिंगणापुराहून आला. पुण्यात कुठंसं कॉम्प्युटर शिकून आलेला, खिशाला दोन पेनं. त्यानं पिशवीतून चकचकीत तबकडी काढली.

"आत्या, ही बघ. ह्यात जन्मवेळ घातली की गुण जुळवून देतंय. आमच्या निकीचं लगीन जमतंय सोनईला, पण जोशी म्हणतो मंगळ हाय. म्हटलं, कॉम्प्युटरलाच विचारू. कॉम्प्युटर काय खोटं बोलत न्हाई."

"मंग इचार की. मांडलाय तितं," बनुबाई म्हणाली.

काकासाहेबानं बटण दाबलं. पट्टी आली. तो आत्याकडं बघायला लागला.

"कुलूप हाय व्हय आत्या? तुझ्या घरात?"

एवढंच तो म्हणाला. पण म्हणाला तो शिंगणापूरचा माणूस, सणादिवशी, गुढीखाली. बनुबाईच्या कानशिलात जाळ झाला.

"शुभांगे!"

शुभांगी पुरणाचे हात घेऊन आली. तबकडी बघून दारातच थबकली. हळू आवाजात म्हणाली, "आई, कामाची मशीन आहे. ही तबकडी कुठनं कुठनं फिरून आलेली असेल. त्यातून मशीनला रोग लागतो. लोणी गावच्या बाजारातून आणलेली गाय तुम्ही लगेच गोठ्यात घेता का? पंधरा दिवस बाहेर लिंबाखाली बांधता. तसंच हे."

"माझा भाचा बाजारातली गाय हाय व्हय?"

"तसं नाही म्हणत मी..."

"मंग कसं म्हनतीस? माझ्या माहेरात घराला कवाड न्हाई, आन हितं माझ्या पोराच्या आवाजाला कुलूप! त्यो असता तर त्यानं लावलं असतं? सांग की. लावलं असतं?"

रविराजनं खरंच लावलं नसतं. तो शेजाऱ्यालाही मोटरसायकल द्यायचा. शुभांगीनं पदराला हात पुसले, चांदण्या उमटवल्या आणि मशीनच्या आत शिरून ते कुलूपच काढून टाकलं.

"पुन्हा विचारणार नाही ते," ती म्हणाली आणि पुरणाकडं गेली.

तबकडी आत गेली. गुण जुळले, मंगळही सौम्य निघाला. काकासाहेब पोळी खाऊन, निकीची सोयरीक पक्की समजून निघून गेला. बनुबाईनं त्या दुपारी स्वतःच्या हातानं दोन टिचक्या मारल्या. "सोयरीक जमवायचीय व्हय?" खोक्यातली ती स्वतःच म्हणाली, आणि रवी हसला. पाडवा गोड झाला.

एप्रिल सरत आला. लग्नसराईची घाई. एका सोमवारी सकाळी शुभांगीनं बटण दाबलं तर पडदा काळाच राहिला. बंद केला, चालू केला. पंखा घरघरायचा, पुढं काही नाही.

नगरहून मेकॅनिक आला. त्यानं झाकण उघडलं, तारा हलवल्या आणि विचारलं, "बाहेरचं काही घातलं होतं यात?"

शुभांगी जमिनीकडं बघत म्हणाली, "हो. पाडव्याला."

"तेव्हाच व्हायरस शिरला असणार. गप बसून होता आत. आजच्या तारखेला उठायचं, असंच लिहिलेलं असतं त्यात. नगरातबी पुष्कळांचं गेलंय आज. मशीन दुरुस्त करून देतो वहिनी, पण आतलं गेलं."

"आतलं म्हंजी काय काय?" स्टुलावरनं बनुबाईनं विचारलं.

"सगळं, मावशी."

"सगळं म्हंजी पत्रिका?"

"पत्रिका, फोटो, गाणी, काय असेल ते."

बनुबाई उठली, गोठ्यात गेली, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. इतक्या दिवसांत त्या आत शिरलेल्याचं तिनं खाल्लं नव्हतं, प्यायलं नव्हतं, आणि तरी तो मनात तारीख धरून बसला होता. भाचा आला त्या दिवशी हाही पाटावर बसला, पुरणपोळीच्या वासात. आणि दार उघडून कोणी दिलं?

शुभांगी मागनं आली. "आई, ती फ्लॉपी आहे ना?"

बनुबाईचा जीव जागेवर आला. "देवात हाय," ती म्हणाली आणि लगेच तिची मान ताठ झाली. "बिनकुलपाची हाय आन जागच्या जागी हाय."

मशीन नगरला नेलं, ते परत येईतो दिवस गेले. त्या दिवसांत बनुबाई देव्हाऱ्यापुढं जरा जास्तच बसली. शेवटी मशीन आलं. आत काहीच नव्हतं. रवीचा बारका फोटोही नव्हता. बनुबाईनं फ्लॉपी दोन्ही हातांनी, प्रसादासारखी आणून दिली.

शुभांगीनं ती घेतली. कोपऱ्याला लाल डाग दिसला म्हणून नखानं पत्र्याची पट्टी सरकवली. आतल्या काळ्या चकतीवर हळदीकुंकवाचा थर बसला होता. तेलात कालवलेला, बोटाबोटानं लावलेला, एकावर एक.

"आई, हे आत कसं गेलं?"

"मी लावलं," बनुबाई म्हणाली. "ते दार सरकतंय की. वरून काय लावायचं? नुसतं खोकं ते. आवाज आत हाय. म्हटलं, त्यालाच लावावं." मग सुनेचं तोंड बघून तिचा आवाज उतरला. "पानी न्हाई लावलं बरं का. पान्याचा थेंब न्हाई."

शुभांगीनं कापूस आणला. चकती हळूहळू पुसली, फुंकर घातली, पुन्हा पुसली. कापूस लाल होत गेला. मग तिनं फ्लॉपी आत सरकवली. जात्यात खडा आल्यासारखा आवाज झाला. पुन्हा सरकवली, पुन्हा तोच आवाज. बनुबाई पडद्याकडं कान लावून होती. त्या करकरीतूनही कुठं ठसका ऐकू येतो का, बघत होती.

तिसऱ्यांदा शुभांगीनं घातली नाही. तिनं फ्लॉपी पुसून परत सासूच्या हातात दिली.

बनुबाई वाट बघत राहिली. आता बोलेल, आता भांडं फोडेल, आता तरी म्हणेल. तिनं उत्तरं तयार ठेवली होती, चांगली धारदार. पण शुभांगीनं डोळ्यांना पदर लावला, नाक ओढलं आणि खुर्ची पुढं घेतली, कारण दारात टाकळीमियाँ गावचे लोक पत्रिकेचा मजकूर घेऊन उभे होते. त्यांना बसायला सांगून ती मागं वळली.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "मशीन विचारतंय. कुलूप लावू का?"

बनुबाईनं फ्लॉपी पदराखाली धरली होती. टाकळीमियाँच्या लोकांना ऐकू जाईल याची तिला पर्वा नव्हती.

"मला इचारतीस?" ती म्हणाली. "अजून मलाच इचारतीस? सासू पोराच्या मागं खुळी झालीय, माहेरच्या मानसापुढं फुगलीय, हे तुला दिसत हुतं. तुला समजत हुतं, मला समजत नव्हतं. तरी हात पुसलेस आन कुलूप काढलंस. दोष भाच्याचा न्हाई, तबकडीचा न्हाई. दोष तुझा हाय, शुभांगे. तू माझं ऐकलंस. लाव कुलूप. आन मी कितीबी वराडले तरी ते कसं उघडतंय, मला सांगू नगंस."