कावकावण्याचं लॅटिन

अष्टमी गावच्या जोसेफ मास्तरांनी कॉलेजात एकच वर्ष लॅटिन केलं होतं, पण रोह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवताना त्या एका वर्षाच्या जोरावर त्यांनी वीस वर्षं भाव खाल्ला. त्यांचं हुकमी क्रियापद 'कोर्विकारी', म्हणजे कावळ्यासारखं कावकावणं. वर्गात गलका झाला की मास्तर ते फळ्यावर लिहीत.

अडुसष्ट साली त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचं, पोपटचं, मुंबईहून पत्र आलं. त्याने कॉलेजात लॅटिन घेतलं होतं. निबंधात हे क्रियापद वापरलं, तर असा शब्दच नाही म्हणून प्रोफेसरांनी भर वर्गात त्याला उभं केलं. पोपटने अभिमानाने मास्तरांचं नाव सांगितलं होतं. आता पुरावा पाठवा, अशी विनंती होती.

पुरावा शोधायचा तर कोश हवा होता. पेणला हैबतराव वकिलांकडे वडिलांच्या वेळचा मोठा लॅटिन कोश होता. रविवारी मास्तर एसटीने निघाले. संस्कृत शिकवणाऱ्या दिनानाथांना बरोबर घेतलं, कारण एकट्याने तोंडघशी पडायची हिंमत नव्हती.

कोशात 'कोर्विकारी' नव्हतं. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कोश अपुरा असावा, असंही म्हणून झालं. हैबतरावांनी त्या उशीएवढ्या जाड ग्रंथाकडे नुसतं पाहिलं.

दिनानाथांनी हळूच विचारलं, "कावळ्याला लॅटिनात शब्द एकच का हो? आमच्याकडे काक आहे, वायस आहे."

मास्तर थबकले. कोर्वुस म्हणजे डोमकावळा. साधा कावळा तो कोर्निक्स. त्यांनी काही पानं मागे उलटली. 'कोर्निकारी', कावकावणं. एका जुन्या कवीने वापरलेलं, अगदी दुर्मीळ.

"म्हणजे आहे की," दिनानाथ म्हणाले.

"आहे. मी शिकवलं ते नाही." मास्तरांना स्वतःचंच हसू आलं. शब्द निवडला तो असा, की कोणी वापरत नाही, आणि तोही चुकीचा पाठ केला.

तुझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल, असं पोपटला कळवावं, हे वाक्य परतीच्या एसटीत त्यांनी छान जुळवलं. घरी कार्ड लिहायला बसल्यावर मात्र ते कागदावर उतरेना. शेवटी लिहिलं, "शब्द मी चुकीचा शिकवला. खरा शब्द खाली देतो. हे कार्ड प्रोफेसरांना दाखव."

सोमवारी आठवीच्या वर्गातही त्यांनी ते सांगून टाकलं. मुलं खदखदून हसली. मास्तर हसू ओसरेपर्यंत उभे राहिले, आणि मग धडा सुरू केला.